तपासलं तर पोरीवर शिक्का बसेल का?

आईबापांकडून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पोरगं वाचनात मागं पडतंय, शाळेतून सर म्हणतात एकदा दाखवून घ्या, आणि घरचे घाबरतात की एकदा कागदावर काही लिहिल्या गेलं की ते जन्मभर मागं लागणार. पोरगी असली तर लगेच लग्नाचा विषय निघतो, मग ती नऊ वर्षांची का असेना.

म्हणून एका पोरीबद्दल लिहिते. नाव बदललंय, प्राची म्हणू. गावही सांगत नाही, यवतमाळ जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव एवढंच. चौथीत होती, जिल्हा परिषदेची शाळा, दोन शिक्षक आणि चार वर्ग. घरी आई-बाबा, आजी, थोडी पऱ्हाटी थोडं सोयाबीन.

आई बसल्याबरोबर म्हणाली, "मॅडम, हिचं डोकं तं लय चालते, पण पुस्तक उघडलं का झोप येते हिले. हिचे बाबा म्हनते आळशी हाय. सर म्हनते दवाखान्यात दाखवा. आता दाखवलं अन् काही निंगालं तं लोक काय म्हनतीन?"

मी पोरीला तिचंच पुस्तक दिलं, म्हटलं आवडेल तो धडा वाच. तिनं घडाघडा वाचला, एकदम चालीत. आई खुश. पण तिचं बोट भलत्याच ओळीवर फिरत होतं आणि पान न उलटताच ती पुढच्या पानावरचं बोलायला लागली होती, म्हणजे वर्गात ऐकून ऐकून अख्खा धडा पाठ. मग त्याच धड्यातले सुटे शब्द कोऱ्या कागदावर लिहून दिले. 'घर' जमलं. 'धरण'चं 'घरण' झालं, 'भात'चं 'मात', आणि 'सूर्य'वर आली तशी म्हणाली, पाणी प्यायला जाऊ? हे असं खूप मुलं करतात, वाचायची पाळी जवळ आली की पाणी, पेन्सिलीचं टोक, पोटात दुखणं, सगळं एकदम सुचतं, आणि मोठ्यांना तो आळस नाहीतर मस्ती वाटते.

आणि हीच पोरगी संध्याकाळी बाबा कापूस मोजताना काट्याजवळ बसते आणि कोणत्या बाईनं किती किलो वेचला, आठवड्याचे तिचे किती झाले हे न लिहिता सांगते. बाबांनीच सांगितलं मला हे, कौतुकानं नाही, तक्रारीसारखं, की हिशोब येते अन् वाचता येत नाही म्हंजे नाटकंच करते ना.

नाटक नाही हो भाऊ. डोकं चांगलं, शिकवणारा आहे, शाळा बुडत नाही, तरी अक्षर आणि आवाज यांची जोडी डोक्यात पक्की बसत नाही, असं असतं काही मुलांचं. डिस्लेक्सिया म्हणतात, सरकारी कागदावर अध्ययन अक्षमता लिहितात. घराण्यात चालत येऊ शकतं. प्राचीच्या मामानंही सातवीतच शाळा सोडली होती, नापास होऊन होऊन. यावर गोळी-औषध नाही, कोणी सिरप विकत असेल तर पैसे वाचवा. पण डिस्लेक्सियाच आहे असं म्हणण्याआधी नजर आणि कान तपासून घ्यायचे, आणि आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणीही करून घ्यायची, कारण दुखण्यानं शाळा बुडत राहिली तरी पोरगं असंच मागं पडतं. प्राचीचं हे सगळं नॉर्मल निघालं. निदान मात्र मी करत नाही, ते सायकॉलॉजिस्टचं काम.

आता शिक्क्याचं. मी आईला विचारलं, सध्या वर्गात हिला काय म्हणतात? आई खाली बघून म्हणाली, ढ. घरी आजी काय म्हणते? येडी. मग शिक्का तर बसलेलाच आहे ना ताई, तो पण खोटा, आणि त्याच्यानं पोरीला फायदा तर काहीच नाही. तपासणीच्या कागदाचं वेगळं असतं. तो तुमच्या फाईलमध्ये राहतो, कोणाला दाखवायचा ते तुम्ही ठरवायचं, शाळेच्या फळ्यावर कोणी लावत नाही. आणि उपयोग खरा आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये जे 21 प्रकार आहेत त्यात हा एक आहे, आणि सर्टिफिकेट असेल तर दहावी-बारावीला तासामागं 20 मिनिटं जास्त मिळतात, गरज असली तर लेखनिक मिळतो. साधारण 8 वर्षांनंतर ही तपासणी होते. सुरुवात कुठून करायची तर शाळेत वर्षातून एकदा आरोग्य तपासणीची टीम येते त्यांना सांगा, नाहीतर जिल्हा रुग्णालयात मुलांच्या वाढीतल्या आणि शिकण्यातल्या अडचणी बघणारं डीईआयसी नावाचं केंद्र विचारा. पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, त्यांच्याशीही बोला.

पण माझं खरं म्हणणं पुढं आहे. खूप घरं आणि खूप शाळा कागद येईपर्यंत हातावर हात ठेवून बसतात. नंबर लागायला महिने जातात, मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, आणि तेवढ्यात पोरगं पाचवीतून सहावीत जातं. जी मदत पोराला उद्या सकाळी पाहिजे तिला कोणाची सही लागत नाही!

घरी आम्ही पहिलं काम केलं ते म्हणजे चुकलेला शब्द वीस वेळा लिहायची शिक्षा बंद. त्या जागी ताटात थोडा रवा पसरून बोटानं अक्षर काढायचं आणि काढताना तोंडानं आवाज म्हणायचा, ध आणि घ एकाच दिवशी घ्यायचे नाहीत, आधी एक पक्का होऊ द्यायचा. दहा मिनिटं, बस, ते पण जेवणाआधी, झोपेच्या वेळी नाही. मग आईनं ओळ वाचायची, पोरीनं खाली पट्टी धरून मागोमाग वाचायची. अडली तर आईनं शब्द सांगून टाकायचा, "आठव, आठव" करत बसायचं नाही. बाबांना एकच सांगितलं, शेजारच्या पोरीचं नाव घरात काढू नका. ते त्यांना सगळ्यात जड गेलं, पण प्रयत्न केला माणसानं.

शाळेत सरांशी बोलायला मी आईसोबत गेले. सर चांगले, पण निपुणची, म्हणजे पोरांना वाचन-गणित यावं या सरकारी मोहिमेची चाचणी डोक्यावर, दोन वर्ग एकत्र. म्हणाले, "मॅडम, हिले एकटीले सूट देली तं बाकीचे पोट्टे म्हनतीन आमाले काहून नाही?" रास्त आहे. मग ठरलं की सगळ्याच वर्गाला काही प्रश्न तोंडी विचारायचे. उभं राहून मोठ्यानं वाचणं ज्याला हात वर करायचा त्यानंच करायचं. परिसर अभ्यासाच्या पेपरात उत्तर बरोबर असेल तर वेलांटी-उकाराचे मार्क कापायचे नाहीत. प्रश्न सर वाचून दाखवणार. फळ्यावरचं उतरून घ्यायला प्राचीला मैत्रिणीची वही. एका पैशाचा खर्च नाही यात. पुढच्या चाचणीत परिसरच्या तोंडी प्रश्नांना तिनं पटापट उत्तरं दिली, सरांनीच फोन करून सांगितलं. त्यांना वाटत होतं तिला विषयच कळत नाही.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. वाचन अजून हळूच आहे, जोडाक्षराला अजून थांबते, आजी अजून अधूनमधून तोच शब्द वापरते. पण वाचायची पाळी आली की तिचं पोट दुखायचं, ते जवळपास थांबलं, आणि आईला हेच सगळ्यात मोठं वाटतं, मलाही.

आता ती पाचवीला बाजूच्या गावच्या शाळेत जाणार, नवीन सर, नवीन वर्ग, म्हणजे सगळं पुन्हा सांगणं आलं. आपल्याकडं शाळा जूनच्या शेवटी उघडते. आईला म्हटलंय, पहिल्याच आठवड्यात एक पान घेऊन जा. त्यावर वर तिला काय येतं ते लिहा, हिशोब आणि ऐकून लक्षात ठेवणं, खाली काय जड जातं, आणि शेवटी चौथीच्या सरांनी काय काय केलं ते, त्यांच्या सहीसकट. सर सही द्यायला तयार आहेत. जिल्ह्याच्या दवाखान्यातली तारीखही मिळाली आहे, आणि बाबा म्हणाले, त्या दिवशी वावरात नाही जात, मीच घेऊन जातो तिले.