काळी दिसली की कडकनाथ?

प्रश्न असा आहे की हल्ली गावाकडं कुठल्याही काळ्या कोंबडीला लोक सरसकट कडकनाथ म्हणतात, ते बरोबर आहे का, आणि मध्य प्रदेशात झाबुआकडं कडकनाथलाच 'कालीमासी' म्हणतात तर त्याचा अर्थ काळी मावशी असा घ्यायचा का. सोबत एक उपप्रश्न पण आहे, कडकनाथची म्हणायचं की कडकनाथाची.

आधी मावशीचं बघू. हिंदी-गुजरातीतली मासी आपल्या कानावर असते म्हणून डोकं तिकडं जातं, पण इथं ती मासी नाहीच, हा शब्द मांसावरून आलाय. कालीमासी किंवा कालामासी म्हणजे जिचं मांस काळं ती कोंबडी. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर, धार या पट्ट्यात भिल्ल आणि भिलाला लोक ही जात पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलेत आणि त्यांनी नाव देताना पिसांकडं बघितलंच नाही, मांसाकडं बघितलं. मला हे नाव फार आवडतं कारण जात ओळखायची खूण त्या नावातच सांगून टाकलीय. 2018 साली झाबुआच्या कडकनाथला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तोसुद्धा 'काळं मांस' म्हणूनच नोंदलेला आहे, नुसता पक्षी म्हणून नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही, बरोबर नाही. आपल्या गावरान कोंबड्यांत काळ्या पिसांच्या कोंबड्या कायमच होत्या आणि त्यांना आपण साधं 'काळी कोंबडी' म्हणत आलोय. तिची पिसं बाजूला करून बघा, खाली कातडी पांढरट नाहीतर पिवळसर, तुरा लालभडक. ती काळी गावरान. उलट कडकनाथमध्ये पिसांचे तीन प्रकार धरतात, एक पूर्ण काळा, एक पिसांवर पांढरट रेघा असलेला, ज्याला पेन्सिल्ड म्हणतात, आणि एक सोनेरी, म्हणजे मानेवर-पाठीवर सोनेरी झाक असलेला. सोनेरी कडकनाथ बघून लोक म्हणतात हा कसला कडकनाथ, आणि शेजारच्या काळ्या गावरानला कडकनाथच्या भावानं घेऊन जातात! शब्द रंगाचा झाला की असं होतं.

बाजारात डालग्याखालून पक्षी काढून हातात दिला तर मी काय बघतो ते सांगतो. आधी चोच उघडायची, जीभ जांभळट काळी पाहिजे. मग तुरा आणि चोचीखाली लोंबणारी कातडी, ती लाल नको, काळपट जांभळी हवी. पंख उचलून काखेतली कातडी बघायची, तिथं पिसं विरळ असतात त्यामुळं लपवाछपवी होत नाही, ओल्या पाटीसारखा निळसर काळा रंग दिसतो. पाय, नखं, तळवे, सगळं गडद. पोटातले अवयव आणि हाडांवरचं पातळ आवरणसुद्धा काळपट असतं, पण ते अर्थात कापल्यावर कळणार. रक्त मात्र लालच, काळ्या रक्ताच्या गोष्टी कुणी सांगितल्या तर सोडून द्या. एक दिवसाच्या पिल्लात निळसर काळा रंग आणि पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे दिसतात.

आतून काळं असण्याचं कारण 2011 मध्ये नीट कळलं, अशा कोंबड्यांमध्ये गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट झालेला असतो, त्यात ईडीएन3 नावाचा जनुक आहे, त्यामुळं अंड्यात गर्भ वाढत असतानाच रंगद्रव्याच्या पेशी जास्त वाढतात आणि एरवी जिथं जात नाहीत तिथं शरीरभर पसरतात. चीनची सिल्की (ही वरून पांढरीशुभ्र आणि आतून काळी, म्हणजे पिसांवर जाऊ नका याचा याहून मोठा पुरावा कुठला!) आणि इंडोनेशियाची अयाम सेमानी यांच्यातही तेच.

हा गुण संकरातही बऱ्यापैकी उतरतो, म्हणून नुसती काळपट कातडी दिसली की जात शुद्ध असं धरता येत नाही. तुऱ्यावर लाली, पायाचा रंग फिका, तळवे पिवळसर अशी काही मिसळ दिसली तर सरळ 'कडकनाथ क्रॉस' म्हणावं. बाजारात हा शब्द रुळलेला आहे आणि तो प्रामाणिक शब्द आहे. 2019 मध्ये सांगली भागातून कडकनाथ पालनाच्या योजनेचं जे प्रकरण बाहेर आलं त्यात बऱ्याच शेतकऱ्यांचे पैसे अडकले, तेव्हापासून मला वाटतं या नावाच्या बाबतीत विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं दोघांनीही काटेकोर राहावं.

'कडकनाथ गावरान' असंही लिहिलेलं दिसतं. माझ्या मते कडकनाथ देशी आहे, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडं नोंदलेली भारतीय जात आहे, पण आपल्या गावची गावरान नाही. गावरान म्हणजे इथल्या उकिरड्यावर, इथल्या परसात मिसळत मिसळत तयार झालेली. फरक पाळणाऱ्याला लगेच जाणवतो, गावरान कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, की अंड्यांवरून हलत नाही, कडकनाथ मात्र नीट खुडूक बसत नाही, त्यामुळं तिची अंडी गावरान खुडूक कोंबडीखाली ठेवतात नाहीतर मशीनमध्ये, 21 दिवस.

आता व्याकरण. हिंदीत ड खाली टिंब देतात, आपण द्यायचं नाही, मराठीत दोन स्वरांमधला ड तसाही तसाच उच्चारला जातो. 'कडकनाथचा' आणि 'कडकनाथाचा' दोन्ही चालतात, सोमनाथचा-सोमनाथाचा म्हणतो तसं, बोलण्यात पहिलं जास्त. अनेकवचन तेच, 'दहा कडकनाथ घेतले'. लिंगाचा घोळ होतो तो 'कडकनाथ अंडी कमी देतो' अशा वाक्यात, नाथ पुल्लिंगी म्हणून क्रियापदही तसं येतं पण अंडी देणारी मादी आहे, तेव्हा 'कडकनाथ कोंबडी अंडी कमी देते' म्हणा, किंवा 'ही जात' म्हणून स्त्रीलिंगी चालवा.

आणि 'कडकनाथची काळी अंडी' हा शब्दप्रयोग कृपया वापरू नका, काळ्या रंगाचं अंडं ही कोंबडी देत नाही, कवच फिकट तपकिरी, थोडं गुलाबीसर असतं.