‘सबप्लॉट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा: मॅटलॅब ही गणिती संगणकप्रणाली किंवा पायथन भाषेतले आलेख काढायचे मॅटप्लॉटलिब यांवर मराठीत टिपण लिहिताना ‘सबप्लॉट’साठी (एका आकृतीचे तुकडे पाडून त्यांत वेगवेगळे आलेख मांडतात, त्यातला एक तुकडा) ‘उपआलेख’ चालेल का? की ‘उपकथानक’?

‘उपकथानक’ कादंबरीतले, ते इथे नकोच. ‘उपआलेख’ जवळचा वाटतो, पण माझ्या मते तोही चुकतो. ‘उप’ लागला की दुय्यमपणा येतो: उपसरपंच, उपसंपादक. इथे सगळे तुकडे समान दर्जाचे असतात. मोठी अडचण पुढे आहे. एकाच सबप्लॉटमध्ये ‘होल्ड ऑन’ करून, म्हणजे आधीची रेषा न पुसता, तीन रेषा काढल्या, तर उपआलेख एक की तीन? सबप्लॉट हे चित्राचे नाव नाही, चित्राच्या जागेचे आहे. म्हणून मी ‘खण’ सुचवतो, कपाटाला असतो तसा. रिकामा असला तरी तो खणच राहतो.

जून ते सप्टेंबरच्या पावसाचे चार आलेख एका आकृतीत मांडायचे आहेत असे समजा. मॅटलॅबमध्ये ‘सबप्लॉट(२, २, ३)’ म्हणजे दोन आडव्या ओळी, दोन उभे रकाने आणि त्यातला तिसरा खण. मोजणी ओळीने होते, म्हणून ऑगस्ट खाली डावीकडे येतो. इथेच पुष्कळजण फसतात, कारण मॅटलॅबची सारणी रकान्याने मोजली जाते आणि तिथे तिसरे घर वर उजवीकडे असते. टिपणात ‘खण ओळीने मोजावेत’ हे वाक्य हवेच. कंसातल्या शेवटच्या आकड्याच्या जागी ‘[३ ४]’ दिले तर खालचे दोन खण एक होतात. हे ‘उपआलेख’ वापरून सांगून पाहा, वाक्य अडखळते.

मॅटप्लॉटलिबमध्ये ‘सबप्लॉट’ एक खण देतो, अनेकवचनी ‘सबप्लॉट्स’ आकृती आणि सगळे खण एकदम देतो. ‘सबप्लॉट्स’ने दिलेल्या खणांच्या ओळी आणि रकाने शून्यापासून मोजतात, म्हणून ऑगस्टचा खण [१, ०]. चारही खण एकाच ओळीत मांडले की दुहेरी क्रमांक चालत नाही, [०, २] लिहिल्यास चूक दाखवली जाते. नुसते [२] लिहावे, नाहीतर ‘सबप्लॉट्स’मधल्या ‘स्क्वीझ’ या पर्यायाला ‘फॉल्स’ (म्हणजे बंद) द्यावे.

आता ‘ॲक्सीज’. मॅटप्लॉटलिबमध्ये ‘ॲक्सिस’ म्हणजे एक अक्ष आणि ‘ॲक्सीज’ म्हणजे अक्षांसकट अख्खा खण. मराठीत तो अक्ष, ते अक्ष. एकवचन-अनेकवचन सारखेच, त्यामुळे दोन्हींना ‘अक्ष’ म्हटले की वाचक हमखास गोंधळतो. ‘ॲक्सीज’लाही खणच म्हणा. ‘फिगर’ला पाठ्यपुस्तकातला ‘आकृती’ उत्तम.

शीर्षकातही हाच भेद उपयोगी पडतो. ‘टायटल’ फक्त चालू खणाला लागते, म्हणून आकृतीचे शीर्षक म्हणून दिलेला मजकूर शेवटच्या खणावर जाऊन बसतो. ‘खणाचे शीर्षक’ आणि ‘आकृतीचे शीर्षक’ असे वेगळे लिहा. दुसऱ्यासाठी मॅटलॅबमध्ये ‘एसजीटायटल’, मॅटप्लॉटलिबमध्ये ‘सपटायटल’.

बोलताना ‘सबप्लॉट’ खुशाल म्हणावे. लिहिताना पहिल्यांदा ‘खण, म्हणजे सबप्लॉट’ असे द्यावे आणि पुढे ‘खण’ चालू ठेवावा.