नॉटिंग हिल कार्निव्हलला पहिल्यांदा जाताय?

लंडनचा हा कॅरिबियन सोहळा ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी आणि त्याच्या आदल्या रविवारी असतो. मुलं बरोबर असतील तर रविवारच धरा. तो कुटुंबांचा दिवस मानतात, सोमवारी गर्दी फार. लॅडब्रोक ग्रोव्ह स्टेशन दोन्ही दिवस बंद असतं, म्हणून पॅडिंग्टनला उतरून चालत या, तेही 11च्या आत.

मिरवणूक बघत उभं राहायला वेस्टबोर्न ग्रोव्ह या रस्त्याचा फुटपाथ चांगला. पिसांचे मुकुट घातलेल्या पथकाभोवती दोर धरून माणसं चालतात. त्या दोराच्या आत कितीही मोह झाला तरी शिरू नका. आत पैसे भरून पोशाख घेतलेलेच नाचतात. साउंड सिस्टिम म्हणजे रस्त्यात उभ्या केलेल्या स्पीकरच्या भिंती; त्यांच्यासमोर बासचा दणका थेट छातीत बसतो, तेव्हा मुलांच्या कानांवर इअरमफ हवेतच.

दुपारी 3 वाजता सगळं संगीत थांबतं. जवळच्याच ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीच्या आगीत गेलेल्या 72 जणांसाठी ती 72 सेकंदांची शांतता असते. मोबाइल खाली घ्या, गप्प उभे राहा.

सुटे पौंड जवळ ठेवा. काही रहिवासी पैसे घेऊन घरचं स्वच्छतागृह वापरू देतात. संध्याकाळी 7ला साउंड सिस्टिम बंद होतात आणि सगळा लोंढा एकदम स्टेशनांकडे वळतो. तुम्ही साडेपाचलाच निघा.