एकाच कोथरूडचे दोन टॅग

वाचकांचे प्रश्न : वेब पोर्टल

प्रश्न : आमचं परिसराच्या बातम्यांचं पोर्टल वर्डप्रेसवर (साइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर) आहे. लिहिणारे नऊ-दहा जण. टॅगच्या (बातमीला लावलेल्या विषयाच्या चिठ्ठ्यांच्या) यादीत 'कोथरूड' आणि 'कोथरुड', 'शिवाजीनगर' आणि 'शिवाजी नगर' असे जोड झालेत. वाचकाने एकावर क्लिक केलं की निम्म्याच बातम्या दिसतात. हे एकत्र कसे करायचे?
— एक संपादक, कर्वेनगर

उत्तर : वर्डप्रेसमध्ये दोन टॅग एक करायचं बटण मुळात नाही. 'कोथरुड'चं नाव बदलून 'कोथरूड' केलंत तरी ते एक होत नाहीत, कारण आत प्रत्येक टॅगला स्वतःचा क्रमांक असतो आणि बातमी त्या क्रमांकाला जोडलेली असते, नावाला नाही.

म्हणून आधी बातम्या हलवायच्या, मग टॅग काढायचा. 'पोस्ट्स'खालच्या 'टॅग्ज'मध्ये जा. चुकीच्या टॅगच्या ओळीत शेवटी जो आकडा असतो त्यावर क्लिक केलं की त्या टॅगच्या सगळ्या बातम्या समोर येतात. एका पानावर २०च दिसतात. वर उजवीकडच्या 'स्क्रीन ऑप्शन्स'मध्ये तो आकडा १०० करा. त्याहून जास्त एकदम घेतल्या तर साधा सर्व्हर मध्येच दम टाकतो. सगळ्यांवर खूण करा, 'बल्क अ‍ॅक्शन्स'मधून 'एडिट' निवडून 'अप्लाय' करा. टॅगच्या चौकटीत 'को' टाइप करून खालच्या यादीतला बरोबर 'कोथरूड' निवडा आणि 'अपडेट' करा. इथे टॅग फक्त वाढतात, जुना निघत नाही. त्यामुळे आता प्रत्येक बातमीवर दोन्ही टॅग असतील. दोन-चार बातम्या उघडून खात्री करा आणि मगच 'कोथरुड' डिलीट करा.

हा क्रम उलटा झाला तर बातम्या राहतात, पण कोणत्या बातम्यांवर तो टॅग होता हे शोधायला काही उरत नाही. बातम्यांना कचरापेटी असते, टॅगला नसते. गेला तो गेला. हे काम हातात घेण्याआधी डेटाबेसचा बॅकअप घ्याच.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. जुन्या टॅगचं पान आता 'सापडलं नाही' म्हणेल. कुणी ती लिंक पूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली असेल, तर तिथून नव्या टॅगच्या पानाकडे ३०१ रिडायरेक्ट (जुना पत्ता उघडणाऱ्याला कायमचं नव्याकडे वळवणारी सोय) लावा.

प्रश्न : 'वारकऱ्यांचा मुक्काम' हा टॅग यादीत दोनदा आहे. शुद्धलेखन तंतोतंत सारखं, जागाही सारखी. मग दोन का?
— नाना पेठ

उत्तर : डोळ्यांना सारखं, कॉम्प्युटरला वेगळं. 'ऱ्या' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात मराठीचा स्वतंत्र ऱ, त्याला हलन्त आणि पुढे य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्हींचा आकार एकच उमटतो, पण साठवलेले संकेत निराळे. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की स्वतंत्र ऱ येतो. काही फोनचे कीबोर्ड दुसरी तऱ्हा वापरतात. लिहिणारे दोघे आणि कीबोर्ड दोन असले, तर टॅगही दोन होऊ शकतात. शेतकऱ्यांपासून पायऱ्यांपर्यंत सगळीकडे हा धोका आहे.

वरच्या पद्धतीनेच एक टॅग रिकामा करून काढा. यादीतून निवडताना दोन्ही सारखेच दिसतील, म्हणून जो काढायचा त्याच्या नावापुढे तात्पुरतं 'जुना' असं लिहून ठेवा. पुढे टॅग पूर्ण टाइप करू नका. पहिली दोन-तीन अक्षरं टाका, थोडं थांबा आणि सुचवलेल्यांतून उचला. आमच्या मते मराठी पोर्टलवर टॅग नीट राहण्याचा हा सगळ्यात मोठा उपाय आहे.

प्रश्न : 'श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपती' असा टॅग केला, पण पानाचा पत्ता 'गण'पाशीच तुटतो. असं का?
— बुधवार पेठ

उत्तर : पत्त्यातल्या नावाला स्लग म्हणतात आणि वर्डप्रेस त्याला २०० चिन्हांचीच जागा देतं. रोमन अक्षराला एक चिन्ह पुरतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे पत्त्यात नऊ-नऊ चिन्हं खातं. तुमच्या टॅगमध्ये असे २४ घटक आहेत : २१६ चिन्हं, वर शब्दांमधल्या तीन रेघा, एकूण २१९. 'गण'पर्यंत १९२ होतात, पुढचा 'प' घेतला तर २०१. म्हणून तिथेच कात्री लागते.

देवनागरी घटक २२च्या आत ठेवा, नाहीतर स्लग रोमन अक्षरांत छोटा द्या. टॅगचं दिसणारं नाव मराठीतच राहतं, त्याला धक्का लागत नाही. बातमी लिहिता लिहिता टॅग केला की स्लग आपोआप बनतो, म्हणून असे टॅग आधी 'टॅग्ज'च्या पानावर करून ठेवावेत. नंतर स्लग बदललात तर रिडायरेक्ट स्वतः लावावा लागेल. बातमीचा जुना पत्ता वर्डप्रेस लक्षात ठेवतं, टॅगचा नाही.

आणि टॅगच्या नावात स्वल्पविराम नको. 'लक्ष्मी रस्ता, पुणे' लिहिलंत की दोन टॅग होतात.

प्रश्न : गूगलसाठी प्रत्येक लेखाला वीसेक टॅग द्यावेत असं ऐकलं. बरोबर आहे का?
— हडपसर

उत्तर : नाही. पानाच्या कोडमध्ये लपवलेले कीवर्ड क्रमवारीसाठी पाहत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं. तुमचे टॅग तर त्याहून वेगळी गोष्ट : प्रत्येक टॅग म्हणजे पोर्टलवरचं एक नवं पान, आणि २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून ते साइटमॅपमध्येही (गूगलसारख्यांना दिल्या जाणाऱ्या पानांच्या यादीत) जातं. एकच लेख असलेली शंभर पानं वाचकाच्या काय कामाची? त्या विषयावर तीन लेख तरी होणार असतील तरच नवा टॅग करा. एका लेखाला चार-पाच पुष्कळ झाले.

नावांचंही आधी ठरवा. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा २००७ मध्ये एकत्र येऊन पीएमपीएमएल झाली, तरी लोक अजून पीएमटीच म्हणतात. टॅग 'पीएमपी' एकच ठेवा आणि बाकीची नावं त्याच्या वर्णनात लिहा.

प्रश्न : लेखकांना नवे टॅग करण्यापासून रोखता येतं का?
— औंध

उत्तर : नव्या कॅटेगरी फक्त एडिटर आणि अ‍ॅडमिन करू शकतात. टॅग मात्र कॉन्ट्रिब्यूटरही (लिहू शकतो, पण स्वतः प्रसिद्ध करू शकत नाही असा सदस्य) करू शकतो आणि ते बंद करायची खूण सेटिंग्जमध्ये नाही. प्लगिन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) किंवा थोडं कोड लागतं. द्रुपल या वर्डप्रेससारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती खूण टॅगच्या फील्डच्या सेटिंगमध्येच आहे. कोड नको असेल तर एका एडिटरने महिन्यातून एकदा 'टॅग्ज'ची यादी आकड्याप्रमाणे लावावी : शून्यवाले काढायचे, एकवाले तपासायचे.