‘वर्णी’ लागते ती कुणाची?

विचारणा अशी: अमेरिकेच्या करखात्यावर, म्हणजे आयआरएसवर लिहिताना ‘बिली लाँग यांची आयुक्तपदी वर्णी लागली’ असं वाक्य लिहिलं. मजकूर तपासणाऱ्यांनी ‘वर्णी’ खोडून ‘नियुक्ती’ केलं. कारण काय, तर ‘वर्णी’त आरोप आहे. खरंच आहे का?

आहे. पण तेवढ्यावरून शब्द खोडायचं कारण नाही. आरोपाला आधार आहे का, एवढंच पाहायचं.

मुळात हा शब्द अगदी सोवळा. वरण म्हणजे निवडणं. अनुष्ठानाला, जपाला यजमान ब्राह्मणांची योजना करी, ती वरणी किंवा वर्णी. म्हणजे बसवणारा यजमान, बसणारा दुसरा आणि दक्षिणा ठरलेली. आजच्या राजकीय अर्थाची सगळी सामग्री तिथेच तयार होती म्हणा ना! आज ‘वर्णी लागली’ म्हटलं की तीन गोष्टी न बोलता कळतात: जागा मोक्याची होती, इच्छुक बरेच होते आणि याच्या पाठीशी कुणीतरी होतं. गंमत क्रियापदात आहे. ‘लागली’ म्हटलं की लावणारा पडद्याआड राहतो, ‘लावली’ म्हटलं की त्याचं नाव घ्यावं लागतं. पुरावा हाताशी नसला की बातमीदार ‘लागली’वर भागवतात ते यामुळेच.

नियुक्ती आणि वर्णी यांतला फरक प्रक्रियेत शोधू नका, सापडायचा नाही. १९५२ पर्यंत या खात्याचे ठिकठिकाणचे ‘कलेक्टर’ (जिल्हाधिकारी नव्हेत, करवसुलीचे अधिकारी) राष्ट्राध्यक्ष नेमत आणि सेनेट मान्यता देई. कागदोपत्री सगळं चोख. प्रत्यक्षात पद जाई ते पक्षाचं काम केलेल्याला. पुढे लाचखोरीची प्रकरणं बाहेर आली, सेंट लुईसचे कलेक्टर जेम्स फिनेगन न्यायालयात दोषी ठरले आणि राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी १९५२ च्या पुनर्रचनेत कलेक्टरांची सगळी ६४ पदंच मोडीत काढली. खालच्या जागा नागरी सेवेकडे गेल्या, राजकीय नेमणुकीची पदं उरली ती आयुक्त आणि मुख्य विधी सल्लागार ही दोनच. त्या कलेक्टरांना ‘वर्णी’ बिनदिक्कत वापरा.

उलट उदाहरण जॉनी वॉल्टर्स यांचं. त्यांना आयुक्त केलं राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनीच. १९७२ मध्ये व्हाइट हाउसचे वकील जॉन डीन यांनी त्यांच्या हाती विरोधकांच्या नावांची यादी ठेवली, यांची करतपासणी करा म्हणून. वॉल्टर्स यादी घेऊन अर्थमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांच्याकडे गेले. काही करू नका, असं शुल्ट्झ म्हणाले. यादी पाकिटात बंद होऊन तिजोरीत गेली. नेमणारा राजकीय होता म्हणून या माणसाची ‘वर्णी लागली’ लिहिणं मला तरी अन्याय वाटतो.

आता लाँग. १९९८ च्या कायद्याने आयुक्ताची मुदत ५ वर्षांची केली आणि व्यवस्थापनातलं सिद्ध कौशल्य ही पात्रता घातली. मुदत मुद्दामच राष्ट्राध्यक्षाच्या ४ वर्षांशी न जुळणारी. तरी डॅनी वेर्फेल मुदत बरीच शिल्लक असताना जानेवारी २०२५ मध्ये, सत्ताबदलाच्या दिवशीच पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेले लाँग म्हणजे मिसूरीचे माजी खासदार, ट्रम्प यांचे जुने समर्थक, पूर्वीचा धंदा लिलाव पुकारण्याचा. करप्रशासनाचा अनुभव नाही. इथे ‘वर्णी’ शोभते. मात्र ही माहिती त्याच परिच्छेदात द्या. नुसती ‘वर्णी’ लिहून पुढे सरकणं म्हणजे शेरा मारून पळणं.

ऑगस्टमध्ये, दोन महिनेही पुरे व्हायच्या आत, ते गेले. त्यांना आइसलँडला राजदूत म्हणून पाठवण्याचं जाहीर झालं. यासाठी आपल्याकडे ‘उचलबांगडी’ तयार आहे: हातपाय धरून उचलायचं आणि दुसरीकडे नेऊन ठेवायचं. ‘हकालपट्टी’त दुसरीकडे ठेवणं येत नाही, म्हणून इथे ती कमी पडते. लाँग यांच्या आधी काही महिन्यांत चार जण प्रभारी आयुक्त होऊन गेले, त्यांतले गॅरी शॅपली तर काही दिवसच. प्रभाऱ्यांना ‘वर्णी’ सरसकट लावू नका, ‘कार्यभार सोपवला’ पुरे. शॅपली यांच्या बाबतीत मात्र हात शिवशिवेल. मस्क यांनी आपल्याला वगळून हे नाव पुढे केलं, अशी अर्थमंत्री बेसेंट यांची तक्रार असल्याच्या बातम्या होत्या. तेव्हा तिथे वर्णी लागली नव्हे, ‘लावली’ लिहावं लागेल, ‘असं सांगितलं जातं’ जोडून.

आणि एक. त्याच वर्षी मेपर्यंत खात्यातले सुमारे पाव कर्मचारी कमी झाले. त्या मजकुरात ‘गच्छंती’ घालू नका. त्या शब्दाला उपरोधाची झाक आहे, तो पदावरून गेलेल्या बड्यांसाठी ठेवा. यातल्या बहुतेकांनी सरकारने पुढे केलेली राजीनाम्याची योजना घेतली होती, उरलेल्यांत परिवीक्षेवरचे नवखेही होते. पहिल्यांना ‘राजीनामा’, दुसऱ्यांना ‘बडतर्फ’ नव्हे (त्यात गैरवर्तन येतं), ‘कामावरून कमी केलं’.