पत्त्यांचा कॅट पाठ करायचाय?
जन्मजात देणगी लागते, हे आधी डोक्यातून काढा. १९९१ साली लंडनची पहिली जागतिक स्मरणशक्ती स्पर्धा जिंकलेले डॉमिनिक ओब्रायन एकूण आठदा जिंकले, ते पद्धत आणि सरावाच्या जोरावर.

सुरुवातीला ५२ पानं नकोत, दहाच घ्या.

- घरातल्या दहा जागा ठरवा: उंबरठा, चपलांचं कपाट, देव्हारा... क्रम बदलू नका.
- प्रत्येक जागी मनातल्या मनात एका पानाचं चित्र ठेवा. नवे लोक इथेच चुकतात, चित्र गुळमुळीत ठेवतात. देव्हाऱ्यात इस्पिकचा राजा नुसता उभा केलात तर विसरणारच. तो समईतलं तेल पितोय, मिशीवरून थेंब ओघळतायत, असा दिसू द्या.

घड्याळ महिनाभर लावूच नका. आठवताना पान सुटलं तर मनानेच त्या जागी परत जा आणि चित्र फिकं होतं का बघा. बहुतेकदा तेच असतं.