दाराचं हँडल मान टाकतं

प्रश्न : इंग्लंडमधल्या स्लाउ गावी आमच्या घरामागे कन्झर्व्हेटरी, म्हणजे घराला जोडलेली काचेची खोली आहे. तिच्या पांढऱ्या प्लास्टिक चौकटीच्या दाराचं हँडल सोडलं की खाली लोंबतं. कारागीर म्हणतो, अख्खं दार बदला. खरंच लागेल का?

उत्तर : छे हो! आधी दार उघडं ठेवा. बंद दाराचं हँडल काढलंत तर आत अडकून बसाल. आतल्या बाजूचे वरचा-खालचा असे दोन स्क्रू काढले की दोन्हीकडची हँडलं सुटतात आणि मधली चौकोनी दांडी हातात येते. ती परत कुलपात घालून फिरवा. सहज फिरली, तर बहुधा हँडलमधली स्प्रिंग तुटलीय, नवं हँडल पुरे. अडखळली, तर दाराच्या आतली कुलपाची पेटीच गेलीय, मग नुसतं नवं हँडल लावून उपयोग नाही.

मी पहिल्यांदा नुसतं ‘दिसायला तसंच’ हँडल आणलं, तर किल्लीचं भोक बोटभर खाली! तेव्हापासून मोजपट्टी खिशात असते. दांडीच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर बऱ्याचदा ९२ मिलिमीटर भरतं, पण तुमचं तुम्ही मोजाच. मग दोन स्क्रूंमधलं : १२२, २११, २१५, काहीही निघतं. इथे ‘साधारण तेवढंच’ चालत नाही.

नवे स्क्रू हातानेच आवळा. करकचून आवळले की हँडल जड फिरतं. आणि उघड्या दारात हलकं, पण दार लावल्यावर जड लागत असेल, तर दार बिजागरीवर उतरलंय. त्यात हँडलचा काही दोष नाही.